सहा म्हणजे सहा काय?

कुंदा, परवा तुझी शोकसभा झाली. तू नव्हतीस म्हणून ती सुरळीत पार पडली.

प्राचार्यांनी सुरुवातच केली ती 'कुंदाताई शंभर टक्के शिक्षिका होत्या' या वाक्याने. मी पहिल्या रांगेत होते. हातात रुमाल, चेहरा प्रसंगाला साजेसा. पण कानात तुझा आवाज खणखणीत वाजला. 'शंभर टक्के कशाचे? वजनाचे की आकारमानाचे? आणि शंभर टक्के असेल तर त्यात पाणी कुठंय? मग ते द्रावण कसलं, तो तर खडा झाला!' त्यानंतर फिजिक्सचे ते आपले कविमनाचे गृहस्थ उठले. दुधात साखर विरघळावी तशा कुंदाताई आपल्यात विरघळून गेल्या, असं म्हणाले आणि स्वतःच्याच वाक्याने गहिवरले. तू आणि विरघळणं! अगं, तू तळाशी बसणारी बाई. वरून सगळं निवळ दिसायचं, आणि कुणी जरा ढवळलं की वर येऊन अख्खं भांडं गढूळ करायचीस. मला हसू आवरेना. रुमाल तोंडाला लावून मी हसत होते आणि मागच्या रांगेतल्या नव्या मुलींना वाटलं, लेलेबाई हुंदके देतायत. एकीने पाठीवर हात ठेवला. मी तो ठेवू दिला. फुकट मिळालेली सहानुभूती शनिवार पेठेतलं माणूस परत करत नाही.

मला 'दोन शब्द' बोलायला सांगितलं होतं. मी नाही म्हटलं. तुला नेमके लागू पडणारे जे दोन शब्द आहेत, ते समईसमोर उच्चारता येत नाहीत.

शिवाय मी तुझ्यावर भयंकर संतापलेय. काल मिहीर माझ्याकडे येऊन गेला. तुझा मुलगा, टोरांटोहून आलेला, डोळे सुजलेले. त्याने मला एक प्रश्न विचारला. त्याचं उत्तर तुझ्याकडे होतं, आणि ते त्याला द्यायचं सोडून तू निघून गेलीस. सोपा प्रश्न कोरा सोडून वर्गाबाहेर पडणाऱ्या पोरांना तू जे म्हणायचीस, तेच आज मी तुला म्हणतेय. ऐक आता. मध्ये बोलता येत नाही ही तुझी पहिलीच वेळ आहे, मला तिचा पुरेपूर फायदा घेऊ दे.

तू वर्ध्याहून नवी आलीस तेव्हाची गोष्ट. नवऱ्याची बदली, विश्रांतवाडीला भाड्याची जागा, आणि आपल्या कॉलेजात माझ्याच विभागात केमिस्ट्री शिकवायची नोकरी. मे महिना होता, म्हणून मी तुला घरी बोलावून कोकम सरबत दिलं. तू एक घोट घेतलास, पेला उजेडात धरलास आणि म्हणालीस, 'लेलेबाई, हे सरबत होय का? पाण्याले कोकमाची आठवण करून देल्ली तुम्ही.'

पुण्यात पाहुणा सरबताला नावं ठेवत नाही. तो घरी जाऊन ठेवतो. मी तुला ही रीत समजावून सांगणार होते, पण त्याआधी मला राग आला.

'बाटलीवर एकास चार असं लिहिलंय. मी चारच भाग पाणी घातलंय.'

'एकास चार म्हणजे एकावर चार, की चारात एक?'

'म्हणजे?'

'एकावर चार घातले तर सगळं मिळून पाच झाले. चारात एक म्हणजे पाणी तीनच. तुम्ही काहून पाच केले?'

'कारण मला मराठी वाचता येतं.'

'मग कोकमाले वाचता येत नसन.'

तासभर भांडलो. तोवर पेल्यातला बर्फ वितळला आणि आपल्या दोघींचीही उत्तरं चुकीची ठरली. जाताना तू उंबऱ्यात थांबून म्हणालीस, 'उद्या कॉलेजात डबा जास्त आणते. तुमच्याकडे लोक उपाशी राहत असतील.' आणि खरंच आणलास. त्या दिवसापासून माझ्या जिभेची जी सालं निघाली ती आजतागायत भरलेली नाहीत. त्या डब्यातल्या तुझ्या ठेच्याचं प्रमाण कुठल्याही एककात बसत नव्हतं.

मुलं तुला 'डेसिनॉर्मल मॅडम' म्हणायची. लॅबमध्ये नॉर्मलच्या एक दशांश ताकदीच्या द्रावणाला डेसिनॉर्मल म्हणतात, हे त्यांना तूच शिकवलेलं. तुझ्या कानावर हे नाव गेलं तेव्हा मी तमाशा बघायला मुद्दाम दारात उभी राहिले. तू खडू ठेवलास, पदर खोचलास आणि विचारलंस, 'मले टायट्रेट कोणी केलं? ब्युरेटचं रीडिंग दाखवा.' द्रावणाची ताकद मोजल्याचं रीडिंग एकाही पोराकडे नव्हतं. तू सगळ्यांना पुराव्याशिवाय निष्कर्ष काढल्याबद्दल शून्य दिलंस.

आणि तो क्लासवाला मुलगा! तू फळ्यावर गणित घातलं होतंस. बाटलीवर टक्के दिलेत, घनता दिलीये, मोलॅरिटी काढा. म्हणजे एका लिटरात किती मोल ते सांगा. तो हात वर करून उभा राहिला.

'मॅडम, टेन पी डी बाय एम.'

'हे काय? मंत्र?'

'फॉर्म्युला आहे मॅडम. दहा गुणिले टक्के गुणिले घनता, भागिले रेणुभार.'

'दहा कुठून आले?'

'क्लासमध्ये सांगितलंय.'

'क्लासले विचार, त्या दहाचा बाप कोण आहे.'

बिचारा दुसऱ्या दिवशी खरंच विचारून आला. क्लासच्या सरांनी त्याला 'असले प्रश्न परीक्षेत येत नाहीत' असं सांगितलं होतं. मग तू अर्धा तास त्या दहाचं कुळ काढून दाखवलंस. टक्के शंभरावर असतात, लिटर हजार मिलिलिटरचा, हजाराला शंभराने भागलं की दहा. एवढंच. वर्गाकडे तू अशा नजरेने बघितलंस की जणू कुणी तुझ्या घरातून दहा चोरून नेले होते आणि ते तुला आत्ता सापडले. तुझा तो तुच्छतेने वाकलेला ओठ मला फार आवडायचा. मी तो आरशासमोर करून बघितलाय. मला जमत नाही, मी केला की दाढ दुखतेय असं वाटतं.

तुझा एक नियम होता. उत्तर बरोबर, पण पुढे एकक नाही, तर मार्क नाही. अर्धासुद्धा नाही. 'बारा,' असं लिहिलेल्या पेपरवर तू लाल शाईने लिहायचीस, 'बारा काय? म्हशी?' पालक भांडायला यायचे. तू त्यांनाही विचारायचीस, 'किती मार्क पाहिजेत? पाच? पाच काय?' हे नीट लक्षात ठेव, कुंदा. मला तुझी मानगूट धरायला ते पुढे लागणार आहे.

आपलं मोठं भांडण मात्र नॉर्मॅलिटीचं. नव्या अभ्यासक्रमाने तिला जवळजवळ हद्दपार केलं तेव्हा मी पेढे वाटले होते. माझं म्हणणं सरळ होतं. मोलॅरिटी म्हणजे एका लिटरात किती मोल, ते मोजलं की झालं, ते बदलत नाही. तुझी नॉर्मॅलिटी मात्र लिटरात किती इक्विव्हॅलंट, म्हणजे कामाची ताकद किती, ते मोजते, आणि ती समोर काय आहे त्यावर ठरते. परमँगनेटची तीच बाटली आम्लात घातली तर एक आकडा, साध्या पाण्यात घातली तर दुसरा. 'जिचा आकडा माणूस बघून बदलतो, तिला काय एकक म्हणायचं?' मी विचारलं.

'माणसाचंही तसंच असते,' तू म्हणालीस. 'कोण किती कडक, हे समोर कोण बसलं त्याच्यावर आहे. माह्या सासूसमोर मी एक पंचमांश होती.'

त्यावर मी तुला मागासलेली म्हटलं. तू मला पेढ्यात साखर कमी आहे असं सांगितलंस.

मग यंदाच्या पावसाळ्यात तू हॉस्पिटलात पडलीस. मिहीरला कळवलंस, 'पोट बिघडलंय.' पोट! मी धावत आले तर तू कॉटवर, चेहरा सुजलेला, ओठ कोरडे, हाताला सुई, आणि डोळ्यांत असा विजय की मला वाटलं डॉक्टरांनाच काही झालंय. तू रिपोर्ट माझ्या तोंडासमोर धरलास.

'वाच. पोटॅशियमसमोर काय लिहिलंय?'

'जास्त आहे की गं.'

'आकडा नको वाचू. एकक वाच.'

'मिलिइक्विव्हॅलंट पर लिटर.'

'इक्विव्हॅलंट! म्हणजे कोण? माही नॉर्मॅलिटी! मेली म्हणे. पेढे वाटून राहिली होती ना? इथे सगळे तिच्यावर जगून राहिले.'

'पोटॅशियमवर एकच प्रभार असतो,' मी म्हटलं. 'त्याचं इक्विव्हॅलंट आणि मोल एकच. ती माझी मोलॅरिटीच आहे, तुझी साडी नेसून बसलीये.'

पलीकडच्या कॉटवरच्या आजी म्हणाल्या, 'अहो, इस्टेटीचं भांडण असेल तर बाहेर जाऊन करा.'

आपण हसलो. नर्स येऊन रागावली. आणि मग डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. तुझी मूत्रपिंडं जवळजवळ थांबली आहेत, डायलिसिस लवकर सुरू करावं लागेल, आणि जवळच्या नात्यातलं कुणी मूत्रपिंड द्यायला तयार असेल तर तपासण्या करून बघता येतील, असं म्हणाले. नवरा तर आधीच गेलेला. जवळचं म्हणजे मिहीरच. मी आत आले तेव्हा तू भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग घेतलं होतंस. मला नाटक करता येतं, कुंदा, म्हणून मला सोंग ओळखता येतं.

पुढच्या रविवारी मी तुझ्याकडे विश्रांतवाडीला होते. मिहीरचा व्हिडिओ कॉल आला. तू फोन वरणाच्या पातेल्याला टेकवून ठेवला होतास.

'आई, रिपोर्ट आला का? ते किडनीचंही बघणार होते ना, ते क्रिएटिनिन किती?'

'सहा.'

'थांब हं, बघतो.' टकटक आवाज आला. 'इथे लिहिलंय, नव्वदपर्यंत नॉर्मल. सहा म्हणजे मस्तच की! उगाच घाबरवलंस.'

'मस्तच तर,' तू म्हणालीस, आणि त्याला सूनबाईचं डोहाळजेवण कधी करायचं ते विचारलंस.

मी तिथे पोळी हातात घेऊन पुतळा झाले होते. कारण आपल्याकडे क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी गाळून टाकायचा रक्तातला कचरा, डेसिलिटरमागे मिलिग्रॅममध्ये मोजतात, आणि सव्वाच्या पुढे गेलं की डॉक्टरांच्या भुवया चढतात. सहा म्हणजे मूत्रपिंडं गेल्यात जमा. कॅनडात तेच मोजतात लिटरमागे मायक्रोमोलमध्ये, आणि तिथे नव्वद म्हणजे सगळं आलबेल. बिचारा पोरगा कॉम्प्युटरचा इंजिनिअर. त्याने तिथल्या पानावर तिथला आकडा बघितला. तुझे सहा त्यात इतके गोंडस दिसले की त्याने तुला फ्लाइंग किस दिला.

फोन बंद झाल्यावर मी म्हटलं, 'एकक कुठंय?'

'त्यानं विचारलं नाही.'

'तू सांगितलं नाहीस!'

'मी खोटं बोलली का? सहा हायेत ना? सहाच सांगितले.'

'सहा काय, कुंदा? म्हशी?'

तू वरण ढवळत राहिलीस. मग म्हणालीस, 'तुले माहीत नाही तो कसा आहे. शाळेत डबा वाटून यायचा आणि घरी येऊन म्हणायचा पोट भरलं. त्याले कळलं तर पहिल्या विमानानं येईल आणि टेबलावर झोपेल. त्याच्या घरी आता बाळ येऊन राहिलं. मले त्याचं काही कापलेलं नको.'

'तपासणी तरी होऊ दे. त्याला नाही म्हणायचा हक्क आहे.'

'तो नाही म्हणणार नाही. म्हणून तर विचारायचं नाही.'

मी सांगते त्याला, म्हटलं. तू पळी माझ्यावर रोखलीस. दिवाळीत तो येतोय, मी स्वतः सांगीन, तोवर तू तोंड उघडलंस तर या घराची पायरी चढायची नाही, असा करार झाला. त्यानंतर तुला डायलिसिससाठी रोज हाकलायचं काम मी केलं, आणि रोज तू 'पुढच्या आठवड्यात' म्हणायचीस. मग एका सकाळी पोटॅशियमच्या त्या तुझ्या लाडक्या मिलिइक्विव्हॅलंटांनी तुझं हृदय थांबवलं. दिवाळी अजून यायची होती.

आता शोकसभेत कुणाला ही गोष्ट कळली असती ना, तर हार दुप्पट झाले असते. आईचं काळीज, निरपेक्ष त्याग, फिजिक्सवाल्यांनी जागेवर कविता केली असती. मला त्या सगळ्याचा तिटकारा आहे. तुझ्या त्यागाकडे मी तुझ्याच वाकड्या ओठाने बघते, दाढ दुखली तरी चालेल. आयुष्यभर पोरांना एककासाठी छळलंस, आणि स्वतःच्या पोराला नुसता आकडा फेकलास. त्याला गणित येत नाही हे तुला ठाऊक होतं आणि तू ते वापरलंस. क्लासवाले तरी बरे गं. ते मुलांना दहाचा बाप सांगत नाहीत कारण तो त्यांनाच ठाऊक नसतो.

आणि तरी रविवार आला की मला विश्रांतवाडीची बस दिसते आणि जिभेला ठेच्याची आग लागते. मला कुणी इतकं मनापासून मूर्ख ठरवलं नव्हतं. मी रंगवून सांगितलेल्या गोष्टींना लोक टाळ्या वाजवतात. तू एकटीच विचारायचीस, 'यातलं खरं किती टक्के?' आणि मी सांगितलं की पुढचा प्रश्न, 'वजनानं?' तुझ्यामुळे मी थोडी खरी झाले. त्याचे आभार मानायचे राहिले. मानले असते तर तू म्हणाली असतीस, 'पातळ झाले.'

तर काल मिहीर. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी. स्वयंपाकघरात येऊन स्टुलावर बसला, चहाला नको म्हणाला. 'मावशी, मी हॉस्पिटलात गेलो होतो. डॉक्टर म्हणाले, क्रिएटिनिन सहाच्या घरात होतं, कल्पना होती ना? मी म्हटलं, हो, आईने सांगितलं होतं, पण सहा तर चांगलं असतं ना? ते माझ्याकडे बघतच राहिले.' मग त्याने मान वर केली. 'सहा म्हणजे सहा काय?'

मी तुझ्यासाठी एक उत्तम थाप तयार ठेवली होती, बरं का. मशीन बिघडलं, लॅब बदलली, अचानक वाढलं. माझ्या तोंडून ती कुणालाही पटली असती. पण तो तुझ्यासारखाच भुवया जुळवून बसला होता.

'मिलिग्रॅम,' मी म्हटलं. 'डेसिलिटरला.'

'आणि मी बघितलं ते?'

'मायक्रोमोल. लिटरला.'

'कितीने गुणायचं?'

'अठ्ठ्याऐंशी पूर्णांक चार.'

त्याने फोन काढला, परत खिशात ठेवला आणि ओठ हलवत तोंडी हिशोब केला. 'पाचशे तीस,' म्हणाला. 'आणि मी तिला मस्त म्हटलं.'

'तुला कळू नये अशीच तिने व्यवस्था केली होती.'

'का?'

मी सांगितलं. डब्यासकट, बाळासकट, करारासकट. तो मला काही बोलेल असं वाटलं होतं. तो टेबलावरच्या बरणीचं झाकण उघडत, लावत बसला. मग विचारलं, 'माझं अठ्ठ्याहत्तर आहे. ऑफिसच्या चेकअपमध्ये निघालं होतं. तुमच्या इथल्या हिशोबात किती होतं?'

मी भागाकार केला. सोपा होता.

'पॉइंट अठ्ठ्याऐंशी. मिलिग्रॅम, डेसिलिटरला.'

'हे चांगलं असतं?'

'उत्तम असतं.'

मग त्याने टेबलावर डोकं टेकलं. कुंदे, आकडा म्हणजे सगळं नव्हे, अजून दहा तपासण्या लागल्या असत्या, जुळलं नसतंही, हे सगळं मला माहीत आहे आणि मी ते त्याला सांगितलंही. त्याला ते ऐकू गेलं नाही. दोन उत्तम मूत्रपिंडं घेऊन तुझा मुलगा माझ्या स्वयंपाकघरात रडत बसला होता, आणि त्यातलं एकही आता त्याला तुला देता येत नव्हतं.